न चाखलेला चहा

खोली बघायला गेले होते, पण घरमालकीण मला खोलीच दाखवेना. आधी तिनं मला ओट्यावर बसवलं, समोर काचेचे तीन पेले ठेवले आणि म्हणाली, "आधी पी. मग बोलू."

सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत पाईपच्या कारखान्यात क्वालिटीच्या खात्यात मला नुकतीच नोकरी लागली होती. गाव करमाळ्याकडचं, रोज येणं-जाणं जमण्यासारखं नव्हतं. सकाळपासून तीन खोल्या बघून पाय दुखत होते. मी पहिला पेला घटाघटा प्यायले.

"कसाय?"

"चांगलाय."

"चांगलाय ही काय चव हाय का? पाचव्या दिवशी नळाला पाणी आलं की ते बी चांगलंच लागतं की! परत पी. हळू पी. आणि काय आठवतंय ते सांग."

त्या चहात दूध नव्हतं, साखर नव्हती. रंग विटकरी होता. मी दुसरा पेला उचलून एक घोट घेतला आणि मनात आलं ते बोलून टाकलं. "आमच्याकडं बोरं बाजाराला न्यायला पोत्यात भरत्यात. दोन दिवसांनी पोत्याचं तोंड सोडलं की जसा वास येतो, तसा येतोय."

बाई माझ्याकडं बघत राहिल्या. मग कमरेची किल्ली काढून त्यांनी माझ्या हातात दिली. "वरची खोली. गच्चीवर कपडे वाळवायचे न्हाईत, तिथं माझी फळं असतात." मी कुठली, काय काम करते, घरी कोण कोण असतं, हे सगळं त्यांनी नंतर पंधरा दिवसांत, सवडीनं विचारलं.

गल्लीत सगळे त्यांना अक्का म्हणायचे. तेलुगूत थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात, आणि ती गल्ली बहुतेक तेलुगू विणकरांचीच होती. त्यांचं खरं नाव मी पहिल्यांदा लाइटच्या बिलावर वाचलं. नवरा लवकर गेलेला, मुलगा पुण्यात नोकरीला. स्वतः अक्कांनी टॉवेलच्या कारखान्यात तीस वर्षं चेकिंगचं काम केलं होतं. मागावरून उतरलेला टॉवेल उजेडात धरायचा, काठावरून बोटं फिरवायची, धागा सुटलेला असेल तर बाजूला, नसेल तर पास. नोकरी सुटली तरी बोटं थांबली नव्हती. बोलता बोलता माझ्या ओढणीचा काठ अंगठ्याखालून सरकवायच्या आणि म्हणायच्या, "हितं धागा गेलाय बग."

चहाचं वेड त्यांना कुठून लागलं हे कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. त्या स्वतः म्हणायच्या, "कारखान्यातल्या चहानं लागलं. तीस वर्सं इतका वाईट चहा प्यायले, की रिटायर झाल्यावर ठरवलं, आता सूड घ्यायचा."

सोलापूरच्या उन्हाला सगळं गाव शिव्या देतं. अक्का मात्र उन्हाळ्याची वाट बघायच्या. एप्रिल लागला की गच्चीवर जुने टॉवेल अंथरले जायचे आणि त्यांवर थंडीत जमवलेली बोरं, पेरूच्या पातळ फोडी, डाळिंबाची साल, मोसंबीची साल, अंजीर, सफरचंदाच्या साली, सगळं आपापल्या जागी वाळत पडायचं. वर मच्छरदाणी. प्रत्येक फळाबद्दल त्यांचं मत ठरलेलं होतं. डाळिंबाची साल भांडखोर. अंजीर आळशी, त्याला आदल्या दिवशीच भिजत घालायला पाहिजे. मोसंबी बडबडी, चिमूटभर जास्त झाली की बाकीच्यांना बोलू देत नाही. आणि चिक्कू? "गोड हाय, पण भित्रा हाय. गरम पाण्यात तोंडच उघडत न्हाई." सीताफळापुढं मात्र त्यांनी हात टेकले होते. त्याचा विषय काढलेला त्यांना आवडायचा नाही.

साखरेला घरात बंदी होती. गोडवा मनुक्याचा, ज्येष्ठमधाचा, बडीशेपेचा, नाहीतर दालचिनीचा. "साखर घातली की समदी फळं एकाच आवाजात बोलत्यात," असं त्यांचं म्हणणं. शेजारी परकर शिवणाऱ्या खाला राहायच्या. त्या अक्कांच्या जिवाभावाच्या मैत्रीण, पण साखरेशिवाय त्यांचं भागायचं नाही. त्या ओढणीच्या टोकाला साखरेची पुडी बांधून यायच्या आणि अक्कांची पाठ वळली की पेल्यात टाकायच्या. एकदा पकडल्या गेल्या. अक्कांनी पेला उचलून मोरीत ओतला.

"अक्का, ये चाय है क्या सजा है?" खाला म्हणाल्या.

"सजाच हाय. पी दुसरा."

चहा करताना बोलायचं नाही हा नियम. पाणी उकळलं की गॅस बंद, दोन मिनिटं तसंच ठेवायचं, मग मोठ्या पानाचा चहा आणि वाळलेलं फळ एकत्र घालून वर झाकण. आणि मग अक्का मोजायच्या. घड्याळ नाही, मोबाइल नाही. ओकटी, रेंडू, मूडू... असं तेलुगूत दोनशेपर्यंत. टॉवेल मोजायची तीच चाल. मध्ये कुणी हाक मारली तर हात वर करून अजून मोठ्यानं मोजायच्या. गॅसची टाकी घेऊन आलेला माणूससुद्धा एकशे चाळीसपासून दोनशेपर्यंत दारात उभा राहिलेला मी पाहिलाय. मग त्यालाही पेला मिळाला आणि त्यालाही विचारण्यात आलं, "काय आठवतंय?"

तो बिचारा म्हणाला, "अजून अकरा टाक्या द्यायच्यात, ते आठवतंय."

एकदा मुलानं पुण्याहून फळांच्या चहाचा एक महागडा डबा पाठवला. रेशमी पिशव्या, प्रत्येकीवर फळाचं रंगीत चित्र. अक्कांनी एक पिशवी भिजवली, वास घेतला, एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. "हे फळ न्हाई. फळाचा फोटो हाय." मग मुलाला फोन लावून म्हणाल्या, "डबा लई छान हाय रे राजा. पत्र्याचा हाय, झाकण घट्ट बसतं." त्या डब्यात त्यांनी मनुके भरले.

मी राहायला आल्याला वर्ष झालं असेल. एव्हाना मला 'चांगला', 'मस्त', 'भारी' हे शब्द त्या घरात बोलायची चोरी झाली होती. कारखान्यात दिवसभर मी पाईपची जाडी मोजायचे, संध्याकाळी ओट्यावर बसून चहाला शब्द शोधायचे. हे सगळं चार भिंतींत राहू नये असं मला वाटायला लागलं. शहरात बचत गटांचं प्रदर्शन भरणार होतं. मी मागं लागले, अक्का नाही नाही म्हणाल्या, शेवटी आल्या. सुती पदर डोक्यावरून घेऊन अक्का टेबलामागं उभ्या, आणि येईल त्याला दटावून विचारताहेत, "काय आठवतंय?" निम्मे लोक घाबरून पुढच्या पापडाच्या टेबलाकडं पळाले.

एक बाई मात्र थांबल्या. पुण्यात त्यांचं चहा-कॉफीचं दुकान होतं. बोराचा चहा त्यांनी तीनदा मागून घेतला. "मला याची पन्नास पाकिटं हवीत," त्या म्हणाल्या. "दुकानात ठेवते. तुमच्या नावानं." अक्कांनी नुसती मान हलवली. रिक्षात बसल्यावर मला म्हणाल्या, "पन्नास म्हटली ना ती?" आणि घर येईपर्यंत रस्त्याकडं बघत राहिल्या.

तयारी सुरू झाली आणि त्याच महिन्यात साथीच्या तापानं अक्कांना गाठलं. आठ दिवस अंथरुणात होत्या. मी आणि खालांनी आळीपाळीनं पेज दिली. ताप उतरला, अक्का उठल्या, पुन्हा गच्चीवर जायला लागल्या. सगळं पहिल्यासारखं झालं असं मला वाटलं. एकच बदल होता, तोही माझ्या नंतर लक्षात आला. पूर्वी चहा दिला की त्या पेल्याकडं बघायच्या. आता माझ्या तोंडाकडं बघायला लागल्या होत्या.

एका रविवारी त्यांनी मोसंबीच्या सालीचा चहा दिला. पेला तोंडाशी नेला आणि मला ओल्या गोणपाटाचा वास आला. खालांनीही पेला नुसताच हातात धरून ठेवला होता.

"कसाय?" अक्कांनी विचारलं.

"अक्का, ह्याला बुरशीचा वास येतोय."

मला वाटलं, आता बोलणी बसणार. पण त्यांनी माझ्या हातातला पेला घेऊन नाकाशी धरला. बराच वेळ धरला. मग खाली ठेवला.

"मला काय बी येत न्हाई ग," त्या म्हणाल्या. "तापापासनं. महिना झाला. बोर येत न्हाई, दालचिनी येत न्हाई. कांदा परतला तरी येत न्हाई. जिभेला गोड, कडू, आंबट तेवढं कळतं. बाकी समदं गरम पाणी."

खालांनी त्यांचा हात धरला. अक्का महिनाभर एकट्याच गच्चीवर डब्यामागून डबे उघडून नाकाला लावत होत्या, आणि खाली येऊन आमच्या चेहऱ्यावरून चहा ओळखायचा प्रयत्न करत होत्या. मी त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, काहींना वेळ लागतो, काहींना पूर्ण येतही नाही. परतताना अक्का म्हणाल्या, "डोळं गेलं असतं तर लोकांनी हात तरी धरला असता. नाक गेलेलं कुणाला दिसतंय?"

पन्नास पाकिटं तोवर तयार होती. काही तापाच्या आधीची, काही नंतरची. पुण्याच्या बाई अक्कलकोटला दर्शनाला येणार होत्या, जाताना पाकिटं नेणार होत्या. मी दोन पाकिटं उघडून चहा करून बघितला. ठीक होता. अक्कांना म्हटलं, "मी बघितलाय, चांगलाय. त्यांना नाकाचं सांगायची काय गरज हाय?"

अक्कांनी माझ्याकडं बघितलं. "पन्नासातली किती बघितलीस?"

"दोन."

"कारखान्यात बी आसंच करतीस का?"

पाईपवर पासचा शिक्का मारताना माझा हात किती सहज चालायचा, ते मलाच ठाऊक होतं.

बाई आल्या. दारात गाडी, हातात प्रसादाची पिशवी, घाईत होत्या. पाकिटं ओट्यावर रचून ठेवलेली बघून खूश झाल्या. "वा! बांधाबांध किती नेटकी केलीत हो."

"बसा," अक्का म्हणाल्या. "पाकिटं हायत. पण देत न्हाई."

"म्हणजे?"

"तापात माझं नाक गेलं. वास येत न्हाई. ह्यातलं निम्मं मी चाखलेलं न्हाई, आणि चाखलं तरी मला कळत न्हाई."

बाई गोंधळल्या. माझ्याकडं बघितलं, पाकिटांकडं बघितलं. "पण फळं तीच, कृती तीच ना? थोडं इकडंतिकडं झालं तर लोकांना काय कळणार आहे?"

"मी तीस वर्सं टॉवेल तपासली," अक्का म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "डोळं मिटून एक टॉवेल पास केला न्हाई. आता नाक मिटून चहा कसा पास करू?"

बाई थोडा वेळ बसल्या. वाईट वाटलं म्हणाल्या, दुकानात सगळ्यांना सांगून ठेवलंय म्हणाल्या, आणि रिकाम्या हातानं निघून गेल्या. गाडी वळली तशी मी चिडून म्हटलं, "अक्का, आलेली संधी घालवलीत तुमी!" त्यांनी मला एक सुरी दिली. "चल. फोड समदी पाकिटं. एक एक वास घे. खाला, तुमी बी या."

आम्ही गच्चीवर बसून पन्नास पाकिटं फोडली. एकोणचाळिसाव्या पाकिटाला कुबट वास आला. नंतर अजून चार निघाली, सगळी एकाच डब्यातली. मी ती पाकिटं त्यांच्यासमोर ठेवली, पण मान वर करून बघायचं धाडस झालं नाही. अक्कांनी पाचही पाकिटं उचलून कचऱ्यात टाकली आणि हात झटकले. दुसऱ्या दिवशी कारखान्यात मी पाईपचा एक अख्खा ढीग परत मोजायला लावला. सुपरवायझर वैतागला. मला फार बरं वाटलं.

लोकांना वाटलं, आता अक्कांचं खूळ संपलं. मलाही वाटलं. पण पुढच्या रविवारी सकाळी मी खाली आले तर ओट्यावर सहा बायका बसलेल्या. खाला, समोरच्या विड्या वळणाऱ्या दोघी, कोपऱ्यावरची भाजीवाली, अंगणवाडीतल्या मदतनीस आणि एक नवी सून. अक्का प्रत्येकीच्या हातात पेला देत होत्या.

"माझं नाक गेलंय," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडं सात नाकं हायत, ह्या पोरीचं धरून. आता तुमी वास घ्यायचा, आणि मला सांगायचं. खरं सांगायचं. चांगलाय म्हणाल त्या बाईनं उद्यापासनं यायचं न्हाई."

सुरुवातीला सगळ्या लाजायच्या. पदरात तोंड लपवून हसायच्या. मग हळूहळू बोलायला लागल्या, आणि काय बोलायला लागल्या! विडीवाली म्हणाली, "पान भिजवून फडक्यात गुंडाळलं की येतो तसा." खाला डोळे मिटून म्हणाल्या, "नई चादर की घडी खोले ना, वैसा. पहली घडी." नवी सून दोन रविवार गप्पच होती. तिसऱ्या रविवारी पेला हातात घेतल्यावर तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "माहेरी माळ्यावर चिंच ठेवत्यात." अक्का पुढं सरकल्या. "जुनी का नवी?" "जुनी." "म्हंजे बोर जास्त वाळलंय. एक दिवस आधी काढायला पाहिजे."

असं सगळं ऐकून अक्का चहा बदलायच्या. चिमूट कमी, चिमूट जास्त, पुन्हा दोनशे आकडे, पुन्हा सात पेले. स्वतःला काही कळत नसताना सात जणींच्या आठवणी एकत्र करून त्या चव बांधत होत्या. भांडणंही व्हायची. कुणी म्हणायची कडू, कुणी म्हणायची तुरट, आणि अक्का दोघींना समोरासमोर बसवून परत चाखायला लावायच्या. खाला साखरेची पुडी आणायच्या कधी बंद झाल्या, कुणाच्या लक्षातही आलं नाही. एकदा नात्यातल्या लग्नात जाऊन आल्या आणि तक्रार करायला लागल्या, "उधर की चाय? सिर्फ शक्कर!"

नाक पुढं थोडंसं परतलं. फिनेलचा वास यायला लागला आणि करपलेल्या दुधाचा. अक्का म्हणायच्या, "फिनेल येतंय, बोर न्हाई. काय निवड हाय बगा देवाची!" त्यापलीकडं आजवर काही आलेलं नाही.

सात-आठ महिन्यांनी पुण्याच्या बाईंचा फोन आला. त्यांनीच विचारलं, "तपासणारं कुणी मिळालं का?" अक्का म्हणाल्या, "सात मिळाल्या. येऊन बगा." त्या एका रविवारी आल्या, ओट्यावर बसल्या, सातही जणींचं बोलणं ऐकत दोन तास चहा प्यायल्या. या वेळी त्यांना घाई नव्हती. निघताना पाकिटं घेऊन गेल्या. त्याआधी, पुढच्या पाकिटांवर काय छापायचं ते ठरवायला अक्कांनी त्यांना घरात बोलावून घेतलं आणि दार लोटून घेतलं. आम्हाला कुणालाच आत येऊ दिलं नाही.

त्यानंतर लवकरच मला पुण्याजवळच्या कारखान्यात चांगली नोकरी मिळाली आणि मी सोलापूर सोडलं. मुलाखतीत मला विचारलं होतं, खराब माल तुमच्या नजरेतून सुटला तर काय कराल? मी गच्चीवरच्या पन्नास पाकिटांची गोष्ट सांगितली. साहेब पाईपबद्दल पुढं काही विचारायचंच विसरले.

मागच्या महिन्यात सुट्टीच्या दिवशी मी त्या दुकानात गेले. मांडणीवर बोराचा चहा होता. साधं तपकिरी पाकीट, वर 'सोलापूर' एवढंच मोठ्या अक्षरात. मी ते उलटं केलं. मागं छापलं होतं, 'चव यांनी तपासली आहे', आणि खाली सात नावं. खालांचं पहिलं. मग विडीवाल्या दोघी, भाजीवाली, मदतनीस, सून. शेवटचं माझं. मी सोलापुरात राहत नसतानाही.

अक्कांचं नाव मी तीनदा शोधलं. कुठंच नव्हतं. दुकानातूनच फोन लावला.

"अक्का, तुमचं नाव न्हाई ह्याच्यावर!"

"कसं असंल?" त्या म्हणाल्या. "मी कुटं चाखलाय?"

"पण केलाय तुमी!"

"वर काय लिवलंय ते वाच. तपासली आहे, आसं हाय ना? मग जिनं तपासली तिचंच पायजे की. खोटं कसं छापू?" मागून खालांचा आवाज आला, कुणीतरी हसलं. "आणि तुझं घातलंय, तर दिवाळीला यायचं. न्हाई आलीस तर खोडीन. ठेव आता, पाणी उकळलंय, मोजायचंय मला."

फोन बंद झाला. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, हा घेणार? चांगला आहे."

"हे शेवटचं नाव माझं आहे," मी तिला म्हटलं. माझा आवाज जरा मोठाच झाला असावा, कारण रांगेतल्या दोघा-तिघांनी वळून बघितलं. "आणि हा चहा जिनं केलाय तिचं नाव ह्यावर नाही. दोन मिनिटं असतील तर तिच्याबद्दल सांगते."

तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं. मी सांगायला सुरुवात केली.